ओकानागनला आई-बाबा आणि मुलांसोबत: कुठल्या तळ्याकाठी राहावं?

आजोळ:

नमस्कार मंडळी. आम्ही व्हँकुव्हरजवळ बर्नबीला राहतो. या उन्हाळ्यात आई-बाबा पुण्याहून येत आहेत आणि पाच-सहा दिवस ओकानागनला, म्हणजे ब्रिटिश कोलंबियातल्या (बीसी) तळ्यांच्या आणि द्राक्षांच्या खोऱ्यात, जायचं घाटतंय. आम्ही दोघं, मुलगी बारा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा आणि आई-बाबा. बाबा सत्तरीचे आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेत. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पण चढ लागला की गुडघे बोलायला लागतात. आई उत्तम पोहते. तिचं लहानपण कृष्णाकाठी गेलं, त्यामुळे पाणी दिसलं की ती थांबतच नाही.

अडचण अशी आहे की कुठेही शोधलं की वायनऱ्यांच्या याद्याच पुढे येतात. वाइन आम्ही दोघं घेतो, आई-बाबा घेत नाहीत. दिवसभर मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना एका टेस्टिंग रूममधून दुसऱ्या टेस्टिंग रूममध्ये फिरवत न्यायचं मला अजिबात पटत नाही. पण खोरं मात्र नीट बघायचंय.

केलोना, व्हर्नन, पेंटिक्टन की ओसोयूस? मुक्काम एकाच ठिकाणी ठेवावा का? आमच्याकडे हवा भरायचे दोन पॅडलबोर्ड (पाण्यावर वल्हवायच्या फळ्या) आहेत, ते आणावेत का? तारखा शाळेच्या सुट्टीत कुठल्याही चालतील. वणव्याच्या धुराची मात्र भीती वाटते.

बेदाणा:

आजोळ, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण लोक इथे येताना बहुतेक उलटं करतात. आधी वायनऱ्या ठरवतात आणि मग मधल्या वेळात तळं बघतात. मी पेंटिक्टनच्या उत्तरेला नारामाटाजवळ द्राक्षबागेत काम करते. माहेर तासगावकडचं, त्यामुळे काडी, डोळा, छाटणी हे शब्द घरातूनच घेऊन आले. इतकी वर्षं या मातीत हात घातल्यावर एक गोष्ट पक्की सांगते: आधी तळं ठरवा, वाइन आपोआप सापडेल. या खोऱ्यात द्राक्ष पिकतं तेच मुळी तळ्यामुळे.

ओकानागन तळं उत्तर-दक्षिण १३५ किलोमीटर लांब आहे, रुंदी मात्र चार-पाच किलोमीटरच. सगळ्यात खोल जागी २३२ मीटर. हिमयुगातल्या बर्फाने कोरलेली ही घळ आहे. एवढं खोल पाणी उन्हाळाभर ऊन पीत राहतं आणि हिवाळ्यात ती ऊब हळूहळू सोडतं. मुख्य तळं सहसा पूर्ण गोठत नाही. शिवाय थंड हवा जड असते, ती बागेच्या उतारावरून खाली घरंगळून जाते आणि वेलींभोवती साचत नाही. म्हणून ४९-५० अक्षांशावर, कॅनडात, मेर्लो आणि पिनो न्वार ही वाइनची द्राक्षं पिकतात. पाऊस अगदी थोडा, ओसोयूसकडे वर्षाला ३०० मिलिमीटरच्या आसपास. पश्चिमेचे डोंगर सगळं पाणी अडवतात. आमच्या तासगाव-जतकडे सह्याद्री जे करतो तेच इथे कॅस्केड आणि कोस्ट पर्वत करतात. ठिबकच्या नळ्या बघून तुमच्या आई-बाबांना ओळखीचं वाटेल.

आणि हे तळंही सगळं काही वाचवू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये थंडीची लाट आली, पारा उणे २५ च्याही खाली गेला. त्यानंतरचे दिवस मला अजून आठवतात. काडीवरचा डोळा, म्हणजे जिथून कोंब फुटतो तो, ब्लेडने आडवा कापून बघायचा: आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी दिसलं तर गेला. ओळीमागून ओळी आम्ही कापून बघत होतो आणि सगळं तपकिरी. त्या वर्षी खोऱ्याचं जवळजवळ सगळं पीक गेलं. डिसेंबर २०२२ च्या थंडीने आधीच घाव घातला होता, त्यात हे. अनेक बागा मुळापासून उपटून नव्याने लावल्या गेल्या. म्हणून तुम्हाला रस्त्याच्या कडेला गुडघाएवढ्या वेली दिसतील, नुसत्या नळकांड्यांत उभ्या. त्या बघून ‘इथे अजून बाग झालेली नाही’ असं म्हणून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं गाडी थांबवा आणि मुलांना दाखवा.

आता तळी. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा आहे.

व्हर्ननजवळचं कलामाल्का हे रंगाचं तळं. पाण्यात चुना भरपूर आहे. उन्हाळ्यात पाणी तापलं की त्याचे बारीक कण तयार होऊन तरंगतात, त्यांच्यावर प्रकाश विखुरतो आणि तळं निळं-हिरवं दिसायला लागतं. ढग आला की रंग बदलतो, ऊन आलं की परत बदलतो. हायवे ९७ वर व्हर्ननच्या दक्षिणेला थांबायची जागा आहे, तिथून पूर्ण तळं दिसतं. बाबांसाठी खरी गंमत पुढे आहे. कोल्डस्ट्रीम ते केलोना असा ओकानागन रेल ट्रेल २०१८ मध्ये खुला झाला, सुमारे ५० किलोमीटर. जुन्या रूळमार्गावरच असल्याने चढ जवळजवळ नाहीच, आणि बराचसा भाग कलामाल्का आणि वुड तळ्यांच्या अगदी काठाने जातो. हवं तेवढं चालायचं, मग दगडावर बसायचं, पाणी पायाशी. सावली कमी आहे, म्हणून सकाळीच जा.

पेंटिक्टन हे दोन तळ्यांच्या मधलं गाव. उत्तरेला ओकानागन, दक्षिणेला स्काहा, आणि दोघांना जोडणारा नदीचा कालवा साधारण सात किलोमीटरचा. उन्हाळ्यात लोक रबरी ट्यूबमध्ये बसून या कालव्यातून वाहत जातात. दोन-तीन तास लागतात, मध्येच बाहेर पडायचीही सोय आहे. मुलांसाठी याहून चांगला दिवस मी सुचवू शकणार नाही. स्काहा लहान आहे, त्यामुळे मोठ्या तळ्याआधी तापतं. वाळूचा किनारा उथळ आहे.

स्काहाच्या दक्षिणेला व्हासू तळं आहे. त्याच्याकडे फारसं कोणी वळत नाही आणि मला ते सगळ्यात प्रिय आहे. पक्ष्यांचं अभयारण्य आहे, मोटरबोटींना बंदी आहे, म्हणून तिथे पाण्याचा आवाज ऐकू येतो. वरच्या कड्यांवर बिगहॉर्न मेंढ्या दिसतात, दुर्बीण ठेवा. मागे मॅकिंटायर ब्लफचा उभा कडा आहे. तुमचे पॅडलबोर्ड इथेच उतरवा.

शेवटी ओसोयूस, कॅनडातल्या सगळ्यात कोमट तळ्यांपैकी एक. उन्हाळ्यात पाणी २४ अंशांपर्यंत जातं. आईंना इथे पोहायला फार आवडेल. मात्र तळ्याचं दक्षिण टोक अमेरिकेत आहे. बोर्डवर बसून वाऱ्याबरोबर तिकडे जाऊ देऊ नका, विशेषतः आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर असतील तर.

माझं मत: मुक्काम पेंटिक्टनला ठेवा, एकच. उत्तरेला व्हर्नन आणि दक्षिणेला ओसोयूस, दोन्हीकडे एका दिवसात जाऊन परत येता येतं. रोज सामान बांधायला बाबांना त्रास होईल.

वाइनचं सांगायचं तर, पूर्ण मुक्कामात दोन जागा पुरे. एक नारामाटा बेंचवर आणि एक ओसोयूसला. नारामाटा बेंच म्हणजे हिमयुगातल्या मोठ्या तळ्याच्या तळाशी बसलेल्या गाळाच्या पायऱ्या. पांढरट कडे दिसतात ते त्याच गाळाचे. दुपारी चारनंतर जा, बाहेर बसायला जागा असलेली वायनरी बघा, आई-बाबांना रस किंवा कॉफी मागवा आणि खाली तळं बघत बसा. जागा आधी राखून ठेवा, आणि मुलांना आत घेतात का ते फोनवर विचारा. चाखण्याचे पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, बाटली घेतली तर बऱ्याचदा वळते करतात. एकाने चाखायचं आणि एकाने गाडी चालवायची हे आधीच ठरवा. बीसीत रक्तात अल्कोहोल ०.०५ टक्के आढळलं तरी पोलीस जागच्या जागी लायसन्स काढून घेतात, आणि नारामाटाचा रस्ता वळणांचा आहे. आणखी एक: २०२४ ची बाटली घेतलीत तर लेबल नीट वाचा. पीक गेल्यामुळे त्या वर्षी सरकारने बाहेरची द्राक्षं आणि रस वापरायला परवानगी दिली होती. त्यात गैर काही नाही, त्यामुळे बऱ्याच लोकांच्या नोकऱ्या टिकल्या. पण या मातीचीच हवी असेल तर ‘बीसी व्हीक्यूए’ लिहिलेली बघा.

घाटवाट:

बेदाणाताईंनी तळ्यांचं सगळं सांगितलंय, मी फक्त बाबांबद्दल लिहितो. निवृत्त रेल्वेवाला आणि ओकानागन, आणि केटल व्हॅली रेल्वेचं नाव अजून कोणी घेतलं नाही?

ही लाइन १९१५ मध्ये सुरू झाली. मुख्य अभियंता अँड्र्यू मॅक्युलॉक. केलोनाच्या वर मायरा कॅनियन आहे, तिथे घळीच्या कडेकडेने लाइन नेताना त्यांनी १८ ट्रेसल पूल (उंच चौकटींच्या पायांवर उभे) आणि दोन बोगदे बांधले. एवढ्या डोंगरात चढ २.२ टक्क्यांच्या वर जाऊ दिला नाही. बाबांना हा आकडा सांगा, त्यांना त्याची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळेल. १९७० च्या दशकात गाड्या बंद झाल्या, नंतर रूळ उचलले. २००३ च्या वणव्यात १२ लाकडी पूल जळून खाक झाले. ते सगळे पुन्हा बांधले, २००८ पर्यंत. आज लाकडी पुलांवरून सपाट चालत जाता येतं, दोन्ही बाजूंना कठडे आहेत. सगळा टप्पा साधारण १२ किलोमीटर आहे, पण मायरा बाजूने पहिले काही पूल आणि एक बोगदा बघून परत फिरलं तरी बाबांचं मन भरेल. मुलांसाठी तिथे सायकली भाड्याने मिळतात. शेवटचे आठेक किलोमीटर कच्चा रस्ता आहे, साधी गाडी हळूहळू जाते.

दुसरं, समरलंडला याच लाइनचा थोडासा तुकडा रुळांसकट शिल्लक आहे आणि त्यावर १९१२ चं वाफेचं इंजिन गाडी ओढतं. ट्राउट क्रीकच्या पुलावर, खाली ७३ मीटर दरी असताना, गाडी थांबते. रोज धावत नाही, वार आणि तिकिटं आधी बघून घ्या. पेंटिक्टनहून अगदी जवळ आहे. माझं ऐकाल तर पूर्ण सहलीची आखणी या गाडीच्या वाराभोवती करा.

मुलीला कडे चढायची हौस असेल तर स्काहा ब्लफ्स आहेत, नाइस (gneiss) जातीचा खडक, पकडी उत्तम. मी स्वतः तिथे मार्च-एप्रिलमध्ये जातो. जुलैत खडक तापलेला असतो, म्हणून फक्त पहाटे, आणि शिकवणाऱ्या गाइडबरोबरच. या भागात रॅटलस्नेक हे विषारी साप आहेत. आपण होऊन अंगावर येत नाहीत, पण गवतात पाय टाकताना बघा, कपारीत हात घालू नका, कानात गाणी लावून चालू नका. त्याची खुळखुळ ऐकू आली पाहिजे.

रानवारा:

धुराबद्दल. वणव्याचा जोर साधारण जुलैअखेर ते ऑगस्टअखेर असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये वेस्ट केलोनाच्या बाजूची आग तळं ओलांडून पलीकडे केलोनात पोचली, त्या वेळी पर्यटकांना खोऱ्यातल्या हॉटेलांत राहायलाच बंदी घातली होती, कारण खोल्या घर सोडून आलेल्या लोकांना हव्या होत्या. म्हणून दोन गोष्टी: जुलैचा पहिला पंधरवडा धरा (१ जुलैच्या कॅनडा डेची गर्दी टाळून), आणि रद्द करता येईल असंच बुकिंग घ्या. निघण्याआधी बीसी वाइल्डफायर सर्व्हिसचा नकाशा आणि ड्राइव्ह बीसी ही रस्त्यांची माहिती देणारी साइट बघायची. शेकोटीवर बंदी असेल तर ती कसोशीने पाळायची, इथल्या लोकांनी घरं जळताना पाहिली आहेत.

पॅडलबोर्डबद्दल: आणा, पण धुवून पूर्ण वाळवून आणा. झेब्रा आणि क्वागा जातीचे शिंपले बीसीत अजून शिरलेले नाहीत. एकदा शिरले की परत काढता येत नाहीत, पंप आणि पाइप बुजवून टाकतात, किनारे धारदार कवचांनी भरतात. रस्त्यात तपासणी नाका उघडा दिसला तर थांबणं सक्तीचं आहे, हवा भरायचा बोर्ड डिकीत असला तरी.

आजोळ:

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय! बाबांना घाटवाट यांचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. त्यांनी २.२ टक्के हा आकडा दोनदा विचारला आणि मग वाफेच्या गाडीचं तिकीट काढलं का म्हणून लगेच चौकशी केली.

तारीख आता जुलैचा दुसरा आठवडा. पेंटिक्टनला सहा जणांना पुरेल असं घर बघतोय. दोन प्रश्न उरलेत. आईला रोज सकाळी पोहायचंय, ती ओकानागन तळ्यातच पोहू शकेल का, की जुलैत पाणी फार गार असेल? आणि ओसोयूसला एकच दिवस मिळाला तर काय बघायचं आणि काय सोडायचं?

बेदाणा:

आई पोहू शकतील, पण नदीत पोहायची सवय आणि या तळ्यात पोहणं यात फरक आहे, तो त्यांना आधी सांगा. वरचा थर तापलेला असतो आणि दोन हात खाली पाणी एकदम गार लागतं. वारा रात्रभर वाहिला की वरचं कोमट पाणी एका काठाकडे ढकललं जातं आणि सकाळी त्याच जागी, जिथे काल मजेत पोहलो, तिथे दात वाजायला लागतात. पहिल्यांदा हळूहळू उतरायचं, छातीपर्यंत पाण्यात उभं राहून श्वास सावरू द्यायचा, मगच पोहायचं. काही ठिकाणी काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खाली जातो. म्हणून पेंटिक्टनच्या ओकानागन बीचवर तरंगत्या खुणांच्या आतच, काठाला समांतर. कमरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा मिळतो तो घ्या, बोटवाल्यांना माणूस दिसतो. जीवरक्षक असेलच असं धरून चालू नका, काठावर कोणीतरी घरचं उभं राहू दे. पाणी जास्त गार वाटलं तर स्काहा पाच-दहा मिनिटांवर आहे.

पॅडलबोर्डला हाच नियम: सकाळी. दुपारनंतर खोऱ्यात वारा सुटतो, आणि लांब अरुंद तळ्यात त्याला अडवायला काही नसतं, लाटा बघता बघता उठतात. प्रत्येक माणसामागे एक लाईफ जॅकेट बोर्डवरही कायद्याने लागतं. मुलांनी ते अंगात घातलेलंच असू द्या. कालव्यातल्या ट्यूबवरसुद्धा.

ओसोयूसचा दिवस असा करा. बर्नबीहून जाताना हायवे ५ आणि ९७ सी ने पीचलंडमार्गे जा आणि परतीला हायवे ३ धरा, म्हणजे ओसोयूस परतीच्या वाटेवरच पडतं, वेगळी फेरी नको. पेंटिक्टनहून सकाळी लवकर निघा. ऑलिव्हरच्या आसपास फळांच्या टपऱ्या लागतील. जुलैत चेरी आणि जर्दाळू असतात. इथल्या कितीतरी फळबागा पंजाबी कुटुंबांच्या आहेत. बाबांना हिंदीत गप्पा मारायला माणूस मिळेल, पाण्याचं काय, मजूर मिळतात का, सगळं विचारू द्या, ते कौतुकाने सांगतात. घाई करू नका.

ओसोयूसला इन्कमीप डेझर्ट कल्चरल सेंटर आहे, ओसोयूस इंडियन बँड या इथल्या आदिवासी समाजाने उभारलेलं. हे खोरं सील्क्स या मूळ रहिवासी लोकांचं. आपण ज्याला सुट्टीचं तळं म्हणतो ते त्यांच्यासाठी नातेवाईकासारखं आहे, आणि तिथे ते ऐकायला मिळतं, त्यांच्याच तोंडून. शेजारीच इन्कमीप सेलर्स, २००२ मध्ये सुरू झालेली, उत्तर अमेरिकेतली आदिवासींच्या मालकीची पहिली वायनरी. तुमची दुसरी वायनरी हीच. एकाच आवारात सगळं असल्याने आई-बाबा आणि मुलं केंद्र बघतील तोवर तुमचं चाखून होईल, आणि गाडी चालवणाऱ्याने त्या दिवशी थेंबही घेऊ नये, कारण पुढे घाटाचा रस्ता आहे.

गाव सोडून पश्चिमेला चढायला लागलात की हायवे ३ वरून क्लिलुक दिसतं, इंग्रजीत ज्याला स्पॉटेड लेक म्हणतात. मॅग्नेशियम, कॅल्शियम, सोडियमचे क्षार भरलेलं पाणी. ऊन वाढलं की आटतं आणि वेगवेगळ्या रंगांची गोल डबकी उरतात. सील्क्स लोकांसाठी ते औषधी आणि पवित्र आहे. कुंपण आहे, रस्त्यावरूनच बघायचं. फोटोसाठी कुंपण ओलांडणारे लोक मी पाहिले आहेत. मुलांना आधीच समजावून ठेवा. जुलैच्या मध्यात ठिपके उमटायला लागलेले असतात, ऑगस्टमध्ये जास्त ठळक दिसतात.

सोडायचं काय? ओसोयूसची गर्दीची भाड्याची जेट-स्की सोडा. त्याऐवजी हेन्स पॉइंटला जा, आता त्याचं नाव स्वीव्स प्रांतिक उद्यान आहे. तळ्यात घुसलेली वाळूची लांब जीभ आहे, दोन्हीकडे पाणी, बाबांना चालायला सपाट. आईंना तिथे डुंबू द्या. त्यानंतर केरेमिओसला थांबून घरासाठी चेरीची पेटी घ्या आणि मॅनिंग पार्कमार्गे होपला उतरा. ओसोयूसहून दुपारी दोनपर्यंत निघालात तर घाट उजेडात पार होतो. रात्री त्या रस्त्यावर हरणं येतात.

घाटवाट:

एक राहिलं. वाफेच्या गाडीत छत नसलेला डबाही असतो, तो घ्या. बाबांना टोपी द्या, आणि इंजिनाच्या बाजूची जागा मिळावी म्हणून अर्धा तास आधी पोचा.